सोमवारची निळी गोळी मुली का टाकतात, आणि काय केल्यावर घेतात

बाई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीच्या वर्गशिक्षिका आहात आणि शासनाच्या साप्ताहिक कार्यक्रमातली लोहाची निळी गोळी दर सोमवारी देण्याचे काम तुमच्याकडे आहे. वर्गात ३४ मुली आहेत. मुलग्यांना वाटेपर्यंत पुढचा तास सुरू होतो, म्हणून सध्या फक्त मुलींनाच गोळी दिली जाते. नोंदवहीत ३४ नावांपुढे ३४ खुणा होतात, आणि मागच्या आठवड्यात बाके सरकवून वर्ग झाडताना मावशींना भिंतीकडच्या फटीत १९ गोळ्या सापडल्या. रागावून झाले, चॉकलेट देऊन झाले, ‘पुढे बाळंतपणात त्रास होईल’ हेही सांगून झाले. आता या मुलींना गोळ्यांची सवय लावावी तरी कशी, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरांत डॉक्टर म्हणून काम करते आणि त्यांतली बरीचशी वर्षे शाळकरी मुलींच्या तपासणीत गेली आहेत. एवढ्या वर्षांत गोळीलाच विरोध असलेली मुलगी मला क्वचित भेटली. बहुतेक जणींनी ती एकदा तरी घेतलेली असते. त्या दिवशी मळमळते, पोटात ढवळते किंवा दुसऱ्या दिवशी शौचाला काळे होते, आणि असे होऊ शकते हे कोणी आधी सांगितलेले नसते. पुढच्या सोमवारी ती बाईंच्या धाकाने हात पुढे करते, गोळी गालात धरते आणि बाईंची पाठ वळली की कंपासपेटीत टाकते. म्हणून तुमच्यापुढचा खरा प्रश्न सवयीच्या आधीचा आहे, आणि तो म्हणजे पहिल्या तीन-चार गोळ्यांचा अनुभव वाईट जाऊ नये यासाठी काय करावे. तो अनुभव बरा गेला, तर सवयीसाठी वेगळे फारसे करावे लागत नाही. तो बिघडला, तर चॉकलेटने भागत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. शाळा सकाळच्या सत्रात भरते की दुपारच्या, गोळी प्रार्थनेनंतर लगेच देता की खिचडीनंतर, मुली घरून काय खाऊन येतात, शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, आणि रक्तक्षयावर (ॲनिमियावर) आधीच औषध चालू असलेल्या मुली वर्गात किती आहेत, यांवर पुढच्या सल्ल्यातले काय लागू पडते ते ठरेल. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण आठवड्याची गोळी ही प्रतिबंधासाठी आहे. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन ९ आहे तिला आठवड्यातून एक गोळी पुरत नाही. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली निराळा, बहुधा रोजचा, उपचार लागतो. बारा वर्षांवरील मुलींत दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, ११ च्या खाली तो मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. तुमच्या मुली त्याहून थोड्या लहान आहेत, तरी वर्गातल्या निम्म्या जणींना रक्त कमी असेल असे धरूनच चाला आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन मोजून घेण्याचा आग्रह धरा.

आता गोळी का घ्यायची, हे मुलींना कसे सांगावे याबद्दल. ‘बाळंतपणात त्रास होईल’ हे वाक्य कृपा करून पुन्हा वापरू नका. तेरा वर्षांच्या मुलीला बाळंतपण म्हणजे आपल्याशी संबंध नसलेली, किंबहुना लाज वाटण्याजोगी गोष्ट वाटते, आणि तिच्या घरी लग्नाची कुजबुज आधीच सुरू झाली असेल तर त्या वाक्याची तिला धास्तीच बसते. मी त्याऐवजी फळ्यावर गणित मांडते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. एका मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह पाळीतून जाते. एका निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्या लोहाचा दहावा भाग जरी अंगी लागला तरी एका गोळीचे ६ आणि महिन्याच्या चार गोळ्यांचे २४ मिलिग्रॅम होतात. म्हणजे पाळीत जे जाते ते या चार गोळ्या भरून काढतात आणि उंची वाढण्यासाठी थोडे उरते. मुलींना हे गणित आवडते, कारण त्यात कोणी त्यांना भीती घालत नाही आणि उत्तर त्यांना स्वतः काढता येते. एका वर्गात एका मुलीने लगेच विचारले होते, “मग मी महिन्यात दोनच घेतल्या तर?” तिने स्वतःच उत्तर दिले, “मग बारा. म्हणजे उधारी.” तो ‘उधारी’ शब्द मी तेव्हापासून सगळ्या शाळांत वापरते.

गणितापेक्षाही एक गोष्ट अधिक पटते, आणि ती तुम्हाला तुमच्या वर्गातच दिसेल. खडू कुठे जातात याकडे लक्ष द्या. पाटीवरची पेन्सिल, खडू, भट्टीची माती, कच्चे तांदूळ, बर्फ यांपैकी काहीतरी खाण्याची ओढ ही अनेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते, आणि मुली ती कोणालाही सांगत नाहीत. माझ्याकडे एक नववीतली मुलगी आली होती. आईची तक्रार केस गळण्याची होती. मुलीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरी पूड होती आणि ती बोटे सतत दप्तराच्या बाहेरच्या कप्प्याकडे जात होती. आईला बाहेर बसवून विचारले, तेव्हा तिने कप्पा उघडून दाखवला. आत पेन्सिलींचे अख्खे खोके होते, अर्धे खाल्लेले. आईला ती अभ्यासासाठी म्हणून पैसे मागत असे. औषध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी ती आली आणि म्हणाली, “आता पेन्सिल नुसती पेन्सिलच लागते.” वर्गात नाव न घेता एवढे सांगा की, अशी ओढ लागणे हा हावरटपणा नव्हे, शरीर काहीतरी मागत असते, आणि गोळ्या नियमित घेतल्या की ही ओढ बहुधा जाते. त्यानंतर ज्या दोघी-तिघी तास संपल्यावर रेंगाळतील, त्यांची नावे आरोग्य तपासणीसाठी पुढे करा.

आता पहिल्या गोळीच्या अनुभवाकडे येते. याचा धडा मला एका फसलेल्या सोमवारी मिळाला. हा साप्ताहिक कार्यक्रम तेव्हा नवा होता आणि गोळी १०० मिलिग्रॅमची असे; २०१८ नंतर ती ६० मिलिग्रॅमची झाली. एका शाळेत प्रार्थना संपताच मैदानावरच रांगा लावून आम्ही गोळ्या दिल्या. वेळ वाचला म्हणून मी मनात खूशही झाले. अर्ध्या तासात पहिली मुलगी ओकली, मग तिच्या शेजारची, आणि पहिला तास संपायच्या आत अकरा मुली कार्यालयाबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांतल्या एकीचे तोंड पुसताना मी विचारले, “सकाळी काय खाल्लेस?” ती म्हणाली, “काही नाही मॅडम, आज माझा सोमवार आहे.” श्रावण चालू होता, आणि हे माझ्या डोक्यात आले नव्हते. चूक मुलींची नव्हती, गोळीचीही नव्हती, माझी होती. पुढच्या सोमवारी पटावरच्या निम्म्या मुली शाळेत आल्याच नाहीत, आणि त्या शाळेत पुन्हा विश्वास बसायला दिवाळी उजाडली.

लोहाची गोळी रिकाम्या पोटी अधिक चांगली शोषली जाते, हे खरे आहे, आणि पुस्तक वाचून आलेले नवे डॉक्टर तसा सल्लाही देतात. परंतु रिकाम्या पोटी ती मळमळ आणि पोटदुखी अधिक करते, आणि बाकाखाली गेलेल्या गोळीचे शोषण शून्य असते. म्हणून शाळेत गोळी नेहमी खाण्यानंतरच द्यावी, यावर मी ठाम आहे. आठवीपर्यंत शालेय पोषण आहार आहेच. खिचडी खाऊन अर्धा तास झाल्यावर गोळी द्या. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे खाऊन आलेली मुलगी ‘खाऊन आले’ असे सांगते, ते खरे मानू नका. त्यातही चहा हा लोहाचा वैरी आहे, त्यातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते. तेव्हा गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. दूध आणि कॅल्शियमची गोळी यांनाही हाच नियम लावावा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व शोषण वाढवते. एका शाळेत खिचडीवर पिळण्यासाठी सोमवारी प्रत्येक वर्गाला चार लिंबे देत, आणि मुली खिचडीही अधिक खाऊ लागल्या, हा आणखी एक फायदा झाला.

सोमवार हा वाटपाच्या सोयीसाठी ठरलेला वार आहे, शरीराला वाराशी काही देणेघेणे नाही. ज्या मुलींचा सोमवारचा उपवास असेल त्यांची यादी करून त्यांना मंगळवारी गोळी द्या. रोजे ठेवणाऱ्या मुलींना रमजानमध्ये ती संध्याकाळच्या जेवणानंतर घरी घेता येईल. ताप असेल किंवा पोट बिघडले असेल तर त्या दिवशी गोळी देऊ नये. राहिलेली गोळी पुढच्या वेळी जोडीने देऊ नये, हेही लक्षात ठेवा. लोहाची एक मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते साधारण एक दिवस आतड्यातून लोह आत जाण्याची वाट अरुंद करते. त्यामुळे दुसरी गोळी फारशी अंगी लागत नाही आणि पोट मात्र बिघडवते. याच कारणाने हल्ली उपचारातही काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. तेव्हा तुमच्या एखाद्या विद्यार्थिनीला तसे सांगितले असेल तर ‘रोज का घेत नाहीस’ म्हणून तिला रागावू नका.

गोळी पहिल्यांदा देण्यापूर्वी तीन गोष्टी साध्या शब्दांत आधीच सांगून ठेवाव्यात. तोंडाला थोडी धातूची चव येऊ शकते. शौचाला काळपट होईल, ते अंगी न लागलेले लोह असते आणि त्याने काही बिघडत नाही. काहींना पोट जड वाटेल किंवा बद्धकोष्ठ होईल, आणि हा त्रास दोन-चार आठवड्यांत बहुधा कमी होतो. आधी कळलेला त्रास मुली निमूट सोसतात, न सांगितलेल्या त्रासाने घाबरतात. बद्धकोष्ठाबद्दल मात्र एक गोष्ट मला मुलींनीच शिकवली. शाळेतले स्वच्छतागृह घाण असते, घरी सार्वजनिक संडासापुढे रांग असते, म्हणून अनेक मुली सकाळपासून दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. त्यात लोहाची गोळी पडली की तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, आणि दोष गोळीच्या माथी येतो. तेव्हा मुख्याध्यापकांकडे लोहाच्या गोळ्यांसाठी काही मागायचे असेल, तर आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि नळाला पाणी मागा. हे विषयांतर वाटेल, पण माझ्या अनुभवात जिथे कडी लागली तिथे तक्रारी कमी झाल्या.

इथवरचे थोडक्यात असे: पोटभर खाल्ल्यानंतर, चहा-दुधापासून दूर, उपवासाचा दिवस टाळून, आणि काय होईल ते आधी सांगून गोळी दिली, तर फटीतल्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा पोटात जातील. ज्या तरीही जाणार नाहीत, त्यांची कारणे निराळी असतात आणि ती तुम्हाला मुलींकडूनच काढून घ्यावी लागतील.

त्यासाठी मी चिठ्ठ्यांचा मार्ग वापरते. नाव न लिहिता, ‘मी गोळी टाकली असेन तर का’ एवढेच लिहून डब्यात टाकायचे. शिक्षा होणार नाही हे आधी जाहीर करायचे आणि ते पाळायचे. ज्या उत्तरांची आपण कल्पनाही केलेली नसते ती त्यात मिळतात. जीभ निळी होते आणि मुलगे चिडवतात. मैत्रीण घेत नाही म्हणून मीही घेत नाही. आजी म्हणते, गरम पडते. आणि दर वर्गात दोन-तीन चिठ्ठ्या अशा निघतात की, गोळी गिळताच येत नाही. ज्या मुलीने आजवर फक्त पातळ औषध घेतले आहे तिला गोळी गिळणे हे शिकावे लागते. ती चघळते, साखरेचे आवरण फुटते, तोंड कडू होते आणि बोटे, जीभ, ओठ निळे होतात. तिला बाजूला घेऊन शिकवा: आधी पाण्याचा एक घोट, मग जिभेच्या मध्यावर गोळी, मान मागे न टाकता हनुवटी किंचित खाली, आणि मोठा घोट घेऊन गिळायचे. केळ्याच्या मऊ घासातूनही गोळी सहज जाते. निळ्या जिभेचा प्रश्न तर मुलग्यांनाही गोळ्या दिल्या की आपोआप मिटतो. कार्यक्रम मुळात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. तेव्हा वेळ वाचवण्यासाठी मुलग्यांना वगळणे हा तोट्याचा सौदा आहे. गोळी फक्त मुलींना मिळते असे दिसले की ती ‘मूल होऊ नये म्हणून’ देतात अशी शंका वस्तीत निघायला वेळ लागत नाही. तुम्ही स्वतःही वर्गासमोर गोळी घ्या. मी दर वेळी घेते, आणि तोंड वाकडे झाले तर लपवत नाही.

पालकांच्या भीतीला मी अफवा म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका असे सुचवते. त्या भीतीला आपल्याच शहरात कारण घडले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीतल्या एका महापालिका शाळेतील मुलीचा मृत्यू झाला; शाळेत मिळालेल्या गोळ्यांमुळे तो झाला असे वस्तीत पसरले आणि घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुलांना रुग्णालयांत नेले. शवविच्छेदनानंतर मृत्यूचे कारण क्षयरोग असल्याचे महापालिकेने सांगितले. त्याआधी जुलै २०१३ मध्ये दिल्लीत कार्यक्रम सुरू होताच अशीच घबराट उडाली होती; बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून झालेल्या मुलांच्या मृत्यूंची बातमी तेव्हा दोनच दिवसांची होती. ज्या आईने त्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन रुग्णालय गाठले तिला ‘काही होत नाही हो’ म्हणून उपयोग नाही. तिला गोळीचे पाकीट हातात द्या, त्यावरचे लोहाचे प्रमाण आणि मुदतीची तारीख वाचून दाखवा, त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक लिहून द्या, आणि तिने नको म्हटले तर त्या महिन्यापुरते ऐका. दुसऱ्या एखाद्या आईला बोलू द्या. तिचे शब्द माझ्या भाषणापेक्षा लवकर पटतात. ‘गरम पडते’ म्हणणाऱ्या आजीशी तर मी वाद घालतच नाही. गोळीनंतर लिंबाचे सरबत द्या असे सांगते. आजीचे समाधान होते आणि लोहही अधिक शोषले जाते.

वर्गात एखादी ओकलीच, तर तिला शांतपणे दुसऱ्या खोलीत न्या, पाणी द्या, आडवे करा, आणि बाकी वर्गाला कामाला लावा. एकीला पाहून दुसरीला मळमळणे हे ढोंग नसते, पण गर्दी आणि आरडाओरडा यांनी ते झपाट्याने पसरते. पोटात जोराची कळ, पुन्हापुन्हा उलट्या, अंगावर पित्त उठणे, श्वासाला त्रास किंवा ग्लानी असे काही दिसले तर मात्र वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवा. पावसाळ्यात गोळ्यांचे खोके कोरड्या कपाटात ठेवा. दमटपणामुळे आवरण चिकट होऊन उडालेल्या, डागाळलेल्या गोळ्या देऊ नका. मुलींना त्या पाहूनच शिसारी येते आणि त्यांचे बरोबरच असते.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत साखळी तुटते. मुली कोकणात, घाटावर गावी जातात. सुट्टीच्या आठवड्यांच्या हिशेबाने मोजून गोळ्या घरी द्याव्यात, पण त्या मुलीच्या हाती न देता आईच्या हाती द्याव्यात. कारण गंभीर आहे: या रंगीत, गोड आवरणाच्या गोळ्या लहान मुलांना चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात, आणि लोहाच्या बऱ्याच गोळ्या एकदम पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. एका खोलीच्या घरात पाकीट देव्हाऱ्यापाशी किंवा टीव्हीवर राहते, आणि दोन वर्षांच्या भावाचा हात तिथे पोहोचतो. वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, हे आईला स्पष्ट सांगा.

काही मुली या सगळ्यानंतरही तशाच राहतील, आणि त्यांना दोष न देता पुढे पाठवणे हे तुमचे काम आहे. पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे असे असेल तर आठवड्याच्या गोळीने भरपाई होणार नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. तीन महिने उपचार नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष, आहे का हे तपासावे लागते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे, पण मराठी घरांतही तो सापडतो. शुद्ध शाकाहारी मुलींत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता जोडीला असू शकते. जंतांची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, शाळेत मिळते. ती चुकवू देऊ नका, कारण काही जंत आतड्यातून रक्त शोषतात. पालकसभेत बिटाबद्दल हमखास विचारतील. बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह बेताचेच असते. अळिवाचे लाडू, काळ्या चण्यांची उसळ, चवळीची पाने, सुकट, आणि चालत असेल त्या घरी कलेजी, ही यादी अधिक उपयोगी आहे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा मोडीत काढला असेल तर पुन्हा वापरात आणायला सांगा.

आता देखरेखीबद्दल. तोंड उघडून जीभ वर करून दाखवायला लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्याने गोळ्या पोटात जातात, पण मुलींच्या मनात गोळी ही शिक्षेच्या खात्यात जमा होते आणि सुट्टी लागताच बंद पडते. चॉकलेटचेही तसेच आहे. ज्या सोमवारी चॉकलेट संपते त्या सोमवारी गोळीही संपते. मी पाच-सहा मुलींचे गट करते. प्रत्येक गटाने खिचडीनंतर गोल बसायचे, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली, एकत्र गिळायचे आणि आपापल्या कार्डावर आपणच खूण करायची. न घेतलेल्या दिवशी रिकामा चौकोन ठेवायची पूर्ण मुभा. महिन्याअखेर विचारताना ‘घेतल्यास का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘या महिन्यात किती राहिल्या?’ असे विचारा. राहणे हे गृहीत धरलेले दिसले की मुली खरा आकडा सांगतात, आणि मग का राहिली हेही सांगतात.

येत्या सोमवारी गोळ्या वाटू नका. तो तास चिठ्ठ्यांना आणि फळ्यावरच्या गणिताला द्या, आणि पालकांसाठी एक निरोप पाठवा. त्यापुढच्या सोमवारी खिचडीनंतर, मुलग्यांसह, नव्याने सुरुवात करा. फटीत सापडलेल्या १९ गोळ्या पुन्हा वाटपात घेऊ नका. मोजून, पिशवीत घालून, कारण लिहून आरोग्य केंद्राकडे परत करा. आणि त्या आठवड्याच्या नोंदवहीत ३४ च्या जागी जो आकडा खरा असेल तो लिहा. कमी आकडा पाहून वरून विचारणा झाली, तर चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवा.